बॉटला कळेल असं लिहायचंय? मोल्सवर्थना भेटा!

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर थांबलेल्या मित्राला तुम्ही फोन करून सांगितलंत, गाडी लागली, तर तो धावत जिना उतरेल. हेच दोन शब्द माळशेज घाटातल्या एसटीत म्हणालात, तर शेजारचे काका घाईघाईनं खिडकी उघडून देतील. शब्द तेच, पण एकीकडे लोकल फलाटावर आलीय आणि दुसरीकडे पोटात ढवळतंय. हा फरक तुम्हाला कुणी शिकवला होता का? नाही ना?

आता हेच दोन शब्द अशा कुणाला तरी समजावून सांगायचेत, जो आयुष्यात लोकलमध्ये चढलेला नाही, ज्याला घाटात कधी मळमळलेलं नाही आणि जो तुम्हाला उलटा प्रश्नही विचारणार नाही. तुम्ही कागदावर लिहाल तेवढंच त्याला कळणार. कसं लिहाल?

एआय एजंटसाठी टूल्स बनवणाऱ्या पोरापोरींपुढे आज हाच प्रश्न आहे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यापुढेही तोच होता. त्यांचं नाव जेम्स टी. मोल्सवर्थ. मराठीच्या पेपरात दोन मार्कांच्या टिपेत तुम्ही त्यांना भेटला असाल. आज जरा निवांत भेटू या. पण त्याआधी एक गोष्ट.

एका थकबाकीची भानगड

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. डोंबिवलीतल्या स्वतःच्याच सोसायटीसाठी त्यानं एआय मदतनीस बनवला. सेक्रेटरींनी साध्या मराठीत काम सांगायचं आणि मदतनीसानं ते करून टाकायचं. एआय एजंट म्हणतात तो हाच प्रकार. नुसती उत्तरं देण्यापलीकडे जाऊन तो कामं करतो. त्यासाठी त्याला टूल्स दिलेली असतात. टूल म्हणजे एखादा छोटा प्रोग्राम: मेसेज पाठवणारा, बिल शोधणारा, तारीख बुक करणारा. प्रत्येक टूलला एक नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कुठली माहिती कशी भरायची याची यादी असते. टूलच्या आतला कोड एआय मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला हे वर्णन दिसतं, आणि त्यावरूनच कुठलं टूल उचलायचं ते तो ठरवतो.

मित्राच्या मदतनीसाकडे दोन टूल्स होती. ‘संदेश पाठवा’ आणि ‘सूचना द्या’. पहिल्याचं वर्णन होतं, सदस्यांना संदेश पाठवते. दुसऱ्याचं, सदस्यांना सूचना देते. पहिलं एकाच घराला जातं आणि दुसरं अख्ख्या सोसायटीला, हे मित्राला पक्कं ठाऊक होतं. कोड त्यानंच लिहिला होता! एके दिवशी सेक्रेटरींनी एका घराला थकलेल्या मेंटेनन्सची सूचना द्यायला सांगितली. मदतनीसानं अर्थातच ‘सूचना द्या’ उचललं. फ्लॅट नंबर, नाव आणि रक्कम ८४ घरांच्या मोबाइलवर झळकली. त्या घरातल्या काकू दोन महिने हॉस्पिटलात होत्या, हे मोजक्याच लोकांना माहीत होतं. काका त्यानंतर गणपतीच्या मीटिंगला आले नाहीत.

मित्रानं आधी मॉडेलच्या नावानं बोटं मोडली. मग दोन रात्री जागून कोड तपासला. कोड बरोबर होता. चुकल्या होत्या त्या वर्णनाच्या दोन ओळी. त्या वाचून तुम्ही किंवा मी टूल निवडलं असतं, तर आपणही तेच केलं असतं.

हे ऐकलं आणि मला वर्गात मराठी कोशांबद्दल शिकलेलं आठवलं. म्हणून आता मोल्सवर्थ.

तुमच्याच वयाचा एक मुलगा

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा, इंग्लंडमधला. तुम्ही बारावीच्या क्लासला जाता त्या वयात, १८१२ च्या सुमारास, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात भरती होऊन हिंदुस्थानात आले. ना ओळखीचं गाव, ना ओळखीची भाषा. मराठी त्यांनी शिकली ती मोठेपणी, परकी भाषा म्हणून, एकेक शब्द करत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी बोलणारा मोठा मुलूख कंपनीच्या हातात आला. सारा, जमिनीचे तंटे, अर्ज, साक्षी, सगळं मराठीत. समोर बसलेल्या साहेबाला एखाद्या शब्दाचा अर्थ चुकीचा कळला तर त्याची किंमत शेतकरी मोजणार. मदतीला पुस्तकं फार नव्हती. बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये निघाला होता, आणि १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचा मुंबईत निघाला. पण रोजच्या बोलण्यातली, बाजारातली, चावडीवरची मराठी कवेत घेईल असा मोठा कोश नव्हता.

मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी कँडी यांनी शब्द टिपायला सुरुवात केली. कँडी हे खरं तर दोघं जुळे भाऊ, जॉर्ज आणि थॉमस. १८२५ च्या सुमारास मुंबई सरकारनं कोशाचं काम अधिकृतपणे मोल्सवर्थ यांच्याकडे दिलं आणि त्यांच्या जोडीला शास्त्रीमंडळी आली.

जाणणारे आणि न जाणणारा

आता या टेबलाचं चित्र बघा. एका बाजूला शास्त्री. मराठी त्यांच्या रक्तात. कुठला शब्द कुठे शोभतो, कुठे खटकतो, हे त्यांना विचार न करताच कळायचं. दुसऱ्या बाजूला एक साहेब, ज्याला यातलं काहीच जन्मतः मिळालेलं नव्हतं.

एक साधा प्रयोग करा. इंग्रजीत साडी, शर्ट, टोपी, बांगड्या, गजरा, फेटा या सगळ्यासाठी एकच क्रियापद चालतं. आपण मात्र साडी नेसतो, शर्ट घालतो, बांगड्या भरतो, गजरा माळतो आणि फेटा बांधतो. कुणी शर्ट नेसला तर आपण हसतो. पण का हसलो, ते विचारलं तर? दोन मिनिटं अडखळतो. कारण नेसणं म्हणजे न शिवलेलं लांब वस्त्र अंगाभोवती गुंडाळणं, हे आपण कधी शब्दांत मांडलेलंच नसतं. ज्याला येतं त्याला ते सांगावं लागत नाही, म्हणून सांगता येत नाही. ज्याला येत नाही तोच बरोबर प्रश्न विचारतो.

याच शास्त्र्यांनी केलेला एक मराठी-मराठी कोशही आहे, १८२९ मध्ये छापलेला. ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हे त्याचं नाव. पंडितांचा कोश म्हणूनही तो ओळखला जातो. त्याचा वाचक मराठी जाणणारा होता. दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्याचा वाचक परका होता. भाषा तीच आणि जाणकारही तेच, फक्त वाचक बदलला. आणि वाचक बदलला की लिहिण्याची जबाबदारी किती वाढते बघा. ओळखीच्या माणसाला भाकरी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. परक्याला कशाची, कशी केलेली, चपातीहून वेगळी कशी, हे सगळं सांगावं लागतं.

माझा मित्र पहिल्या प्रकारचं लिहून बसला होता. वाचक मात्र दुसऱ्या प्रकारचा होता.

कोशातली एक नोंद म्हणजे काय?

मोल्सवर्थचा कोश उघडलात तर एकेका शब्दासमोर काय दिसतं? आधी देवनागरीत शब्द. मग तो नाम आहे की क्रियापद, नाम असेल तर लिंग कुठलं. मग तो संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून, याची खूण. मग अर्थ, आणि एकापेक्षा जास्त असतील तर क्रमांक घालून. मग तो शब्द ज्या वाक्प्रचारांत येतो ते वाक्प्रचार. शब्द फक्त काव्यात येत असेल तर तसं सांगितलेलं, कोकणातला असेल तर तेही. आणि दुसरा शब्द पाहायला हवा असेल तर तिकडे बोट दाखवलेलं.

आपल्या ‘लागणे’चंच घ्या. भूक लागते, रांग लागते, निकाल लागतो, आग लागते, वेड लागतं, आणि हो, गाडीही लागते. अशा क्रियापदासमोर मोल्सवर्थ एक ढोबळ अर्थ देऊन मोकळे होत नाहीत. एकामागून एक अर्थ वेगळे करत नेतात.

आता हे टूलच्या वर्णनाला लावून बघा. नाव हा मूळ शब्द. काय करतं, हा अर्थ. कुठे वापरायचं आणि कुठे नाही, ही काव्यातली किंवा कोकणातली खूण. माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची, हे व्याकरण. एखादं उदाहरण, म्हणजे वाक्प्रचार. आणि हे काम माझं नाही, त्या दुसऱ्या टूलकडे जा, हे बोट दाखवणं.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित काय, तर ‘कुठे नाही’. आपण टूल काय करतं ते हौसेनं लिहितो. ते काय करत नाही, हे लिहायचं राहून जातं. पण दोन टूल्स शेजारी शेजारी असली की घोळ तिथेच होतो, घालणे आणि नेसणे यांत होतो तसा.

दुसरी गंमत जागेची. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द एका खंडात बसवायचे होते. म्हणून खुणा आणि संक्षेप वापरलेले. एजंटचंही तसंच. त्याला दिलेल्या प्रत्येक टूलचं वर्णन तो वाचत असतो, आणि त्याच्या एका वेळी वाचण्याला मर्यादा आहे. ५० टूल्सची पानभर वर्णनं दिलीत तर नेमकी गोष्ट गर्दीत हरवेल, सकाळच्या ८.१५ च्या कल्याण फास्टमध्ये बॅग हरवते तशी. पाल्हाळ लावलंत तर निवड चुकते, आणि फार त्रोटक लिहिलंत तरीही चुकते. निवड बदलू शकेल एवढं लिहायचं आणि बाकीचं काढून टाकायचं.

दुसरी आवृत्ती, सव्वीस वर्षांनी

१८३१ चा कोश झाला, त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. इतक्यावर कुणीही थांबलं असतं. मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोशाचंही काम हाती घेतलं, पण प्रकृतीनं साथ सोडली आणि १८३६ मध्ये ते मायदेशी परतले. तो कोश थॉमस कँडी यांनी पुरा केला आणि १८४७ मध्ये तो छापून आला. हे तेच कँडी, ज्यांच्यामुळे मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम रुळले.

पण मराठीनं मोल्सवर्थना सोडलं नव्हतं. आपल्याच कोशाची सुधारलेली आवृत्ती करायला ते १८५१ मध्ये परत आले. वय पन्नाशीच्या पुढे. लष्करातली नोकरी तर त्यांनी धार्मिक भूमिकेतून कधीच सोडून दिली होती. या खेपेला ते आले ते फक्त शब्दांसाठी.

आणि कुठल्या काळात बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. ज्या रुळांवरून तुम्ही-आम्ही रोज लटकत कॉलेजला जातो, ते टाकले जात होते तेव्हा हा माणूस मराठी शब्दांचे अर्थ पुन्हा तपासत बसला होता. आजूबाजूला नव्या वस्तू येत होत्या, त्यांच्यासाठी नवे शब्द घडत होते. जुनी वर्णनं जुन्या जगाची होती.

दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत छापली गेली. २० हजारांच्या आसपास शब्द वाढले होते. १८६० मध्ये मोल्सवर्थ इंग्लंडला परतले आणि १८७१ मध्ये तिथेच वारले. इथे मराठी माणसांनी त्यांना एक नाव दिलं होतं: मोलेसरशास्त्री. साहेबाला शास्त्री म्हणणं ही त्या काळी साधी पदवी नव्हती.

टूल बनवणाऱ्यांनी इथे थांबून घ्यावं. वर्णन एकदा लिहून संपत नाही. एजंट कुठे चुकतो ते बघायचं, त्या चुकीचं मूळ कुठल्या ओळीत आहे ते शोधायचं आणि ती ओळ बदलायची. माझ्या मित्रानं नंतर हेच केलं. सोसायटीतल्या लोकांकडून, त्यांच्याच भाषेत, वीसेक कामं लिहून घेतली. लिफ्ट बंद आहे ते सगळ्यांना कळव. तीनशे चारला सांग की पाणी गळतंय. पाटलांना पैशांची आठवण कर. मग मेसेज खरोखर न पाठवता, मदतनीस कुठलं टूल निवडतो एवढंच पाहिलं. जिथे चुकला तिथे वर्णन बदललं आणि पुन्हा वीसच्या वीस कामं देऊन बघितली.

मुखपृष्ठावर नसलेली नावं

मोल्सवर्थ यांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकायला नको. कोश सरकारी पैशानं झाला तो मराठीच्या प्रेमापोटी नाही. राज्य चालवायला तो हवा होता. आणि त्याच्या मुखपृष्ठावर नावं आहेत ती मोल्सवर्थ आणि दोघा कँडी बंधूंची. ज्यांच्या डोक्यातून हे ज्ञान आलं त्या शास्त्र्यांची तिथे नाहीत. ती नावं आपण तरी घेऊ या: जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले. १८२९ चा पंडितांचा कोश यांचाच.

याचा आपल्याशी संबंध आहे. टूलचं वर्णन लिहिणारा इंजिनीअर असतो, पण काम माहीत असतं ते दुसऱ्याच कुणाला तरी. सोसायटीत सूचना कशाला म्हणतात आणि निरोप कशाला, हे वीस वर्षं कारभार पाहणाऱ्या सेक्रेटरींना ठाऊक होतं. मित्रानं त्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी दहा सेकंदांत सांगितलं असतं की बाबा रे, थकबाकीची सूचना बंद पाकिटात जाते.

बदललेल्या ओळी

मित्रानं टूलचं नाव बदलून ‘एका घराला खासगी संदेश’ असं केलं. त्याचं नवं वर्णन मी त्याच्या परवानगीनं इथे देतेय:

एकाच फ्लॅटच्या नोंदवलेल्या मोबाइलवर खासगी संदेश पाठवते. थकबाकी, तक्रारीचं उत्तर किंवा कुठल्याही एका घराशी संबंधित विषयासाठी हेच वापरा. सर्व सदस्यांना कळवायचं असेल तर हे वापरू नका, ‘सर्वांना जाहीर सूचना’ वापरा. फ्लॅट विंग आणि क्रमांकासह द्या, उदाहरणार्थ बी-३०४. फ्लॅट सापडला नाही तर काहीही पाठवलं जात नाही आणि तसं कळवलं जातं.

पाचच वाक्यं आहेत. काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, माहिती कशी द्यायची आणि फसलं तर काय होतं. तारखांच्या टूललाही त्यानं असंच उदाहरण जोडलं, कारण ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च.

आणखी एक शहाणपणा त्यानं केला. जाहीर सूचनेच्या टूलला वर्णनाबरोबर कुलूपही लावलं. सेक्रेटरींनी मजकूर पाहून होकार दिल्याशिवाय ती जातच नाही. कितीही चांगलं लिहिलं तरी वाचणारा कधी तरी चुकणारच. जी गोष्ट एकदा गेली की परत घेता येत नाही, तिथे फक्त शब्दांवर विसंबायचं नसतं.

तुमच्यासाठी काय?

आर्ट्सला आहात, मराठी घेतलंय आणि नातेवाईक विचारतात की याचा उपयोग काय? तर हा आहे. दोन जवळच्या शब्दांतला फरक परक्याला कळेल असा लिहिता येणं, हे कौशल्य आज सॉफ्टवेअरच्या मधोमध येऊन बसलंय. आणि इंजिनीअरिंगला असाल तर कोड चालला म्हणजे काम झालं असं समजू नका. शेजारच्या आर्ट्सवाल्याला वर्णन वाचायला द्या. त्याला फक्त नावं आणि वर्णनं दाखवा, कोड नाही. मग एक काम सांगा आणि कुठलं टूल घेशील ते विचारा. तो अडखळला तर एजंटही अडखळेल.

मोल्सवर्थचा कोश आजही मिळतो. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतनं तो पुन्हा छापला, आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांत तो मोबाइलवरही शोधता येतो. पण एकदा लायब्ररीत जाऊन विचारा की. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं, म्हणजे मोल्सवर्थ हयात असतानाचं! जाड कोश मांडीवर घेऊन स्वतःच्या आवडीचा एक शब्द शोधा, आणि परक्याला तो कसा समजावलाय ते बघा.

राहता राहिले काका. मित्र त्यांच्या घरी जाऊन आला. मदतनीस चुकला असं न सांगता, मी नीट लिहिलं नव्हतं, असं सांगून आला. काकांनी चहा दिला, फारसं बोलले नाहीत. पुढच्या मीटिंगला ते येतात का, ते अजून बघायचंय.